मुलुंडच्या गच्चीवरून बाह्यग्रह: स्मार्ट दुर्बिणीचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेले मोकळे. मुंबईत राहून तेजोमेघांचे रंगीत फोटो काढायचे असतील तर ही दुर्बीण घेऊ नका. दूरच्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह, म्हणजे बाह्यग्रह, सरकताना ताऱ्याचा प्रकाश किती घटतो हे स्वतः मोजायची हौस असेल, तर जरूर घ्या. विकणारे पहिल्या कामासाठी विकतात. दुसऱ्या कामाचा खोक्यावर उल्लेखसुद्धा नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ५० मिलिमीटर भिंगाच्या, मोबाइलवरून चालणाऱ्या अशा दुर्बिणी आता दोन-तीन कंपन्यांच्या मिळतात आणि आतला मामला बराचसा सारखाच असतो. डोळा लावायची सोयच नाही, भिंगामागे थेट कॅमेरा. ॲपमध्ये ताऱ्याचं नाव टाकायचं, ती स्वतः वळते, तारा शोधते आणि दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम घेत एकावर एक रचत बसते. किंमत चांगल्या मोबाइलएवढी. मी ऐन नवरात्रात घेतली, म्हणजे पाऊस ओसरता ओसरता.

आमची इमारत मुलुंड पूर्वेला. पूर्वेकडे मिठागरं आणि खाडी असल्यामुळे त्या बाजूला जरा काळोख म्हणावा असा आहे. पश्चिमेला टॉवर, आणि एका बांधकामावरचे एलईडीचे झोत रात्रभर आमच्या पाण्याच्या टाकीवर. आकाशाच्या अंधाराची जी बोर्टल श्रेणी आहे, तिच्यात आम्ही तळाला. मृगातला तेजोमेघ त्यातल्या त्यात बरा येतो, देवयानी दीर्घिका म्हणजे बोटाने पुसलेला खडू. जाहिरातीतले फोटो कुठल्या आकाशाखाली काढलेत ते त्यांनाच ठाऊक.

मग मोजणी कशी जमते? तर मोजणीत फोटो सुंदर असावा लागत नाही. एकाच फ्रेममध्ये आपला तारा असतो आणि आजूबाजूला तशाच तेजाचे चार-पाच तुलना तारे. प्रत्येक ताऱ्याभोवती एक कडं आखून तिथला आकाशाचा उजेड वजा करायचा आणि मग आपल्या ताऱ्याचा आकडा शेजाऱ्यांच्या आकड्याशी ताडून बघायचा. धुरकं आलं तर सगळेच मंद होतात, गुणोत्तर तेच राहतं. शहराच्या उजेडाने आकड्यांत खरखर वाढते हे खरं, पण पाच-पाच मिनिटांच्या फ्रेमची सरासरी घेतली की ती बरीच बसते. नुसता आपलाच तारा दोन टक्क्यांनी खाली जाऊन अडीच-तीन तासांत वर आला, शेजारी जागच्या जागी, तर ते आकाशाचं काम नव्हे.

दोन टक्के हा आकडा कुठून येतो तेही सांगते. गुरूचा व्यास सूर्याच्या साधारण एक दशांश. म्हणजे गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोर आला तर एक शतांश तबकडी झाकतो, प्रकाश १ टक्क्याने घटतो. ग्रह तापून फुगलेला असेल किंवा तारा लहान असेल तर दीड-दोन टक्के. पृथ्वीएवढ्या ग्रहाने ०.०१ टक्कासुद्धा घट होत नाही, तो विषय गच्चीवरचा नाहीच. ८ जून २००४ ला शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यासमोरून सरकणं, ज्यांनी चष्मे लावून पाहिलं त्यांना तो काळा ठिपका आठवत असेल. इथे प्रकार तोच, फक्त तबकडी दिसत नाही, तारा एक बिंदू, आणि ठिपका आहे हे बिंदूच्या मंद होण्यावरूनच ओळखायचं.

एवढ्याशा भिंगातून हे काय होणार, असं मला दुर्बीण घेताना दोघा-तिघांनी ऐकवलं. त्यांच्या माहितीसाठी: १९९९ मध्ये एचडी २०९४५८ या ताऱ्यासमोरून ग्रह जाताना पहिल्यांदा पकडला गेला, तेव्हा डेव्हिड शार्बोनो आणि सहकाऱ्यांची दुर्बीण होती १० सेंटिमीटरची. त्याच सुमारास ग्रेग हेन्री यांच्या गटालाही तीच घट दिसली. पुढे केल्ट नावाच्या शोधमोहिमेने एकामागून एक राक्षसी ग्रह काढले, त्यांच्या कॅमेऱ्याचं भिंग ४२ मिलिमीटर, म्हणजे माझ्यापेक्षा लहान. वास्प मोहिमेने तर बाजारात मिळणाऱ्या २०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या कॅमेरा लेन्स एकेका चौथऱ्यावर आठ-आठ लावून शंभराहून जास्त ग्रह शोधले. अर्थात त्यांचे चौथरे ला पाल्मा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सदरलँडला होते, मुलुंडला नव्हते.

आता एचडी २०९४५८ बद्दल, कारण मुंबईकरांची त्याच्याशी एक खास अडचण आहे. हा महाश्व तारकासमूहातला तारा, प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) ७.७, अंतर साधारण १६० प्रकाशवर्षं. त्याची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, जवळजवळ १९ अंश आणि मुंबईचं अक्षांशही १९. म्हणजे तो अगदी डोक्यावरून जातो. ऐकायला झकास, वातावरणाचा थर सगळ्यात पातळ तिथेच. पण या दुर्बिणीचा चौथरा आडवा-उभा फिरणारा, आणि तारा माथ्याजवळ आला की आडव्या मोटरला भराभर फिरावं लागतं. ते तिला झेपत नाही. तारे रेघोट्यांसारखे लांबतात, ॲप त्या फ्रेम नापास करून फेकून देतं, आणि अर्धा-पाऊण तासाची खिंड पडते. ग्रह नेमका त्याच वेळी ताऱ्याच्या कडेला शिवत असेल तर रात्र फुकट.

यावर उपाय म्हणजे तिवईवर पाचर बसवून दुर्बीण ध्रुवाच्या दिशेला कलती करायची. मग तिला एकाच अक्षावर फिरावं लागतं, चित्रही फ्रेममध्ये गोल गोल फिरत नाही. युरोपातल्यांना हे सोपं, त्यांचा ध्रुव पन्नास अंशांवर. आपला १९ वर, त्यामुळे दुर्बीण जवळपास आडवी पडते आणि सगळा तोल एका बाजूला जातो. मी तिवईला पाच लिटरचा पाण्याचा कॅन लटकवते आणि जड बाजू एका पायाच्या बरोबर वर आणते. सोबत आलेली बुटकी तिवई या कामाची नाही, दणकट वेगळी घ्या. मोजणीसाठी या दुर्बिणीवर केलेला सगळ्यात उपयोगी खर्च तोच.

याच ताऱ्याची एक सोयही आहे. ग्रहाची फेरी ३.५२५ दिवसांची, दोन फेऱ्या म्हणजे सात दिवस आणि सव्वा तासाच्या आत-बाहेर. आज शनिवारी आठला अधिक्रमण सुरू झालं तर पुढच्या शनिवारी सव्वानऊला. सुट्टीच्या आदल्या रात्री एकदा जुळलं की दोन-तीन आठवडे जुळतच राहतं. पूर्ण अधिक्रमण तीन तासांचं, पुढे-मागे तासभर नुसत्या ताऱ्याचा प्रकाश हवा, म्हणजे पाच तास गच्ची ताब्यात हवी.

गच्चीचा ताबा हा सोसायटीत राहणाऱ्यांना वेगळा समजावून सांगायला नको. कोजागरीला तर सगळी इमारत वरच होती. मी टाकीच्या आडोशाला दुर्बीण लावून बसलेली, पूर्ण चंद्र, आकाश दुधाळ. तिसऱ्या मजल्यावरचे काका मसाला दुधाचा पेला घेऊन आले.

“काय गं, गुरू लावलायस का?”

“गुरूएवढा आहे काका, पण आपला नाही. दुसऱ्याच ताऱ्याचा.”

“दाखव की मग.”

“दिसत नाही तो. तारा किती मंद होतो ते मोजते.”

काकांनी मोबाइलवरच्या करड्या फ्रेमकडे पाहिलं, वर चंद्राकडे पाहिलं, आणि म्हणाले, “म्हणजे आज चंद्र सोडून तू काळोख बघत्येस.” दुसऱ्या दिवशी त्यांना आलेख पाठवला. डावीकडे सरळ रेषा, मध्ये दीड टक्क्याचा खळगा, पुन्हा सरळ. ठिपके बरेच विखुरलेले होते, चंद्रामुळे नेहमीपेक्षा जास्त, पण खळगा लपत नव्हता. आता तो आलेख त्यांच्या फोनमधून कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरतोय देव जाणे.

तक्रारी आता. ॲप अपडेट झालं की सुट्या फ्रेम साठवायचं बटण आपोआप बंद होतं. मोजणीला रचलेलं चित्र उपयोगाचं नसतं, सुट्या फ्रेमच लागतात, त्यामुळे प्रत्येक वेळी सुरुवातीला ते बटण बघून घ्या. चार तासांत जवळपास दीड हजार फ्रेम आणि सहा जीबी जागा. वायफायवरून उतरवायला गेलात तर पहाट होईल, केबल वापरा. बॅटरी लांबच्या अधिक्रमणाला पुरत नाही, पॉवर बँक जोडूनच ठेवते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्यरात्रीनंतर दव पडतं, आतला हीटर लावला की बॅटरी आणखी लवकर बसते. चित्र गुळगुळीत करणारी जी एआयवाली सोय आहे ती मोजणीच्या रात्री बंदच हवी, ती आकडे बिघडवते. आणि वॉरंटीचा अनुभव असा की फोकसची मोटर अडकली तेव्हा विक्रेत्याने सात-आठ ईमेलनंतर पार्सल परगावी पाठवायला लावलं, कुरिअरचा खर्च माझा. ऐन थंडीतले स्वच्छ आठवडे त्यात गेले.

फोकसवरून आठवलं. तारा तेजस्वी असेल तर दहा सेकंदांत पिक्सेल भरून वाहतात आणि मोजणीला अर्थ राहत नाही. तेव्हा फोकस हाताने किंचित बिघडवायचा, तारा छोट्या चकतीएवढा पसरू द्यायचा. फोटोवाल्यांच्या अंगावर काटा येतो, पण आकडे सुधारतात.

पुढचं काम लॅपटॉपवर. रंगीत कॅमेऱ्यातले हिरवे पिक्सेल वेगळे काढते आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर अ‍ॅस्ट्रोइमेजजे किंवा नासाच्या एक्सोप्लॅनेट वॉच प्रकल्पाचं एक्झॉटिक वापरते. एक्झॉटिक ब्राउझरमध्येही चालतं, लॅपटॉप जुना असला तरी अडत नाही. वेळेत मात्र काटेकोर राहायचं. फ्रेमवरची वेळ भारतीय आहे की जागतिक हे तपासायचं, आणि पृथ्वी सूर्याच्या कोणत्या बाजूला आहे त्यावरून प्रकाश आठेक मिनिटं लवकर किंवा उशिरा पोचतो, ती दुरुस्ती झालीय ना हेही. तयार आलेख आव्हसो या अमेरिकी निरीक्षक संघटनेच्या साठ्यात जातो.

तो तिथे कोणाच्या उपयोगाचा? समजा, ग्रहाच्या फेरीच्या काळात अर्ध्या सेकंदाची चूक आहे. साडेतीन दिवसांची फेरी म्हणजे वर्षाला शंभरेक फेऱ्या, पन्नासेक सेकंदांची चूक, दहा वर्षांत आठ-नऊ मिनिटांची. जेम्स वेबसारख्या अवकाश दुर्बिणीचा वेळ मोजून-मापून मिळतो, तो अशा चुकीत जाऊ नये म्हणून छोट्या दुर्बिणींनी वेळापत्रक ताजं ठेवायचं. वास्प-१२बी या ग्रहाची तर फेरीच दरवर्षी सुमारे ३० मिलिसेकंदांनी लहान होतेय, तो ताऱ्याकडे ओढला जातोय. हे कळलं ते वर्षानुवर्षांच्या नोंदींतून.

नवा ग्रह या दुर्बिणीने सापडेल अशी आशा धरू नका. खळगा दिसला म्हणजे ग्रहच असंही नसतं. जोडताऱ्यांचं ग्रहण असू शकतं, किंवा आकाराने गुरूएवढा पण वजनाने कितीतरी भारी असा तपकिरी बटूही. वजन कळायला ताऱ्याचं डगमगणं मोजावं लागतं. ते काम आपल्याकडे माउंट अबूला पारस वर्णपटमापकावर चालतं. अहमदाबादच्या पीआरएल या भौतिकी संशोधन संस्थेच्या मंडळींनी तिथून २०२१ मध्ये टीओआय-१७८९बी आणि २०२३ मध्ये टीओआय-४६०३बी हे राक्षसी ग्रह पक्के केले. दुसरा गुरूच्या तेरा पट वजनाचा आहे, ग्रह म्हणावा की नाही अशा काठावर. मुंबईशी नातं सांगणारा ताराही आहे, सिंह राशीच्या दक्षिणेला एचडी ८६०८१. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींच्या नावावरून त्याचं नाव बिभा. ग्रह संतमस. पण तो आपल्या बाजूने ताऱ्यासमोरून जात नाही, त्यामुळे गच्चीवर उपयोग शून्य.

पावसाळ्यात दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात, नाहीतर भिंगाला बुरशी ठरलेली. तेव्हा शोधाची हौस प्लॅनेट हंटर्स टेस या संकेतस्थळावर भागते. टेस उपग्रह आकाशाचा एकेक पट्टा सुमारे २७ दिवस बघतो, त्याचे आलेख आपण डोळ्यांनी चाळायचे आणि खळगे खुणावायचे. टीओआय-२१८०बी हा गुरूएवढा ग्रह असाच एका हौशी माणसाच्या नजरेला एकाच खळग्यावरून आला. त्याची फेरी २६१ दिवसांची. दुसरा खळगा २७ दिवसांत येणारच नव्हता, त्यामुळे ठरावीक काळाने परत येणारे खळगे शोधणारे प्रोग्रॅम तिथे पांगळे. जून-जुलैच्या रात्री लोकलच्या बातम्या बघण्यापेक्षा हे बरं.

पहिला तारा कोणता घेऊ, असं विचारणाऱ्यांसाठी: एचएटी-पी-३२. डिसेंबरात संध्याकाळी उत्तरेला चांगला उंच असतो, पण माथ्यापासून दूर, त्यामुळे पाचरीशिवायही चालतो. प्रत ११.३, पिक्सेल भरत नाहीत. घट दोन टक्क्यांहून जास्त, अधिक्रमण तीन तासांचं. तारखा चेक खगोल संघटनेच्या ईटीडी संकेतस्थळावर मिळतात, मुंबईचे अक्षांश-रेखांश टाका आणि येणाऱ्या वेळांत साडेपाच तास मिळवा. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून दुपारीच घेऊन ठेवा.