नऊ बॉक्सचे पैसे घेतले, भिंतीत जुनाच पत्रा

सांगलीतलं आमचं घर जुनं, पक्क्या विटांचं. बाहेरच्या आणि मधल्या सगळ्या भिंती नऊ इंची. वायरिंग कन्सील्ड, म्हणजे भिंतीच्या आतून, पण स्विचबोर्डांच्या मागे त्या काळी बसवलेले पत्र्याचे बॉक्स जेमतेम सव्वा इंच खोल. स्वयंपाकघरात 16 अँपिअरचा सॉकेट लावायचा तर त्यामागे 4 स्क्वेअर एमएमच्या तीन वायरी दुमडून बसवाव्या लागतात. त्या मावायच्या नाहीत, प्लेट भिंतीला टेकायची नाही.

हार्डवेअरच्या दुकानदाराने एक वायरमन पाठवला. गड्याने रोग अचूक ओळखला. "काका, बॉक्स उथळ आहेत. भिंत फोडून दोन इंची जीआय बॉक्स टाकू." जीआय म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा. बॉक्समागे 450 रुपये, फोडकाम आणि गिलावा त्यातच. एकूण नऊ बॉक्स. दुपारी सुरू केलेलं काम त्याने संध्याकाळी संपवलं. प्लेटा भिंतीला चपखल बसलेल्या, कडेने पांढराशुभ्र पट्टा. पैसे चुकते झाले आणि स्वारी गेली.

पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. ओट्यापाशी पोळ्या करताना आई म्हणाली, "अरे, ही भिंत चावतेय." मी टेस्टर लावला, तर बोर्डाच्या शेजारी चक्क गिलाव्यावर दिवा लागला. मेन बंद केला आणि ओळखीच्या परवानाधारक वायरमनला बोलावलं.

त्याने प्लेट काढली आणि हसायलाच लागला. आत नवा बॉक्स नव्हताच. जुन्या बॉक्सची पाठ ग्राइंडरने कापून काढली होती, मागची वीट थोडी खरवडली होती आणि वायरी त्या खड्ड्यात ढकलल्या होत्या. पुढे लांब स्क्रू आणि कडेने पीओपी, झालं काम. कापलेल्या पत्र्याची धार फेजच्या वायरीत रुतून इन्सुलेशन चिरलं होतं. अर्थिंगचा स्क्रू बॉक्सच्या पाठीवर असतो, तो पाठीबरोबर गेला. हिरवी वायर टोक दुमडून नुसती विटेच्या भुग्यात लोंबत होती. म्हणजे पत्र्यात करंट उतरला तर जाणार कुठे? ओल्या भिंतीत. एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की पडणारा स्विच, अशा बारीक गळतीला पडत नाही. 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, असती तर पडली असती, ती आमच्याकडे नव्हती. नऊच्या नऊ बोर्ड उघडले, सगळीकडे हाच प्रकार.

खरं काम कसं असतं ते नंतर डोळ्यांसमोर पाहिलं. जुना बॉक्स सुटा करून बाहेर काढायचा, नव्या मापाची चौकट कटरने आखायची, छिन्नीने वीट खोल करायची. वायरींचा पाइप बॉक्सच्या भोकात बुश (धार लागू नये म्हणून बसवायची कडी) लावून आणायचा. खड्डा पाण्याने भिजवून बॉक्स सिमेंट-वाळूत दाबायचा, लेव्हल लावून, कड गिलाव्याच्या बरोबरीत ठेवून. मग रात्रभर हात लावायचा नाही, प्लेट दुसऱ्या दिवशी. एकेका बॉक्सला घमेलंभर राडारोडा निघाला. आधीच्याने नऊ बॉक्सचा कचरा एका सुपलीत भरला होता! तुमच्याकडे असं काम काढलं तर राडारोड्याकडे लक्ष ठेवा आणि पैसे द्यायच्या आधी कुठलीही एक प्लेट तुमच्यासमोर उघडायला सांगा. नवा बॉक्स असेल तर पाठ दिसेल, तिच्यावर अर्थची वायर स्क्रूखाली आवळलेली दिसेल. "आता उघडलं तर पीओपी तडकेल" असं उत्तर आलं तर समजून जा.

जाब विचारायला त्या पहिल्या वायरमनला फोन केला तेव्हा त्याने आधी "चार इंची भिंत होती, आरपार गेली असती" असं ठोकून दिलं. भिंत नऊ इंची आहे म्हटल्यावर फोन बंद. दुकानदाराने "तो आमचा माणूस नाही" म्हणून हात झटकले. त्याच्याच गल्ल्यावर त्याच वायरमनची कार्डं ठेवलेली आहेत, तो भाग वेगळा.

पक्की पावती आमच्याकडे नाही. पण 4,050 रुपये मोबाइलवरून दुकानाच्याच खात्यावर गेलेत, आणि "नऊ नवे बॉक्स फिटिंगसह" हा वायरमनचा मेसेज जपून ठेवलाय. कापलेले नऊही पत्रे पिशवीत आहेत, त्यांचे फोटो काढलेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानदाराला अचानक माणूस आठवला. आता अर्धे पैसे परत देतो म्हणतोय. मी पूर्ण मागितलेत, शिवाय दुसऱ्यांदा भिंत फोडल्याचा खर्चही.