प्रधानमंत्री शिष्यवृत्ती आणि महाविद्यालयाची खिडकी : सोळा महिन्यांनंतरचा अनुभव

सैन्यात चोवीस वर्षे सेवा करून मी हवालदार क्लर्क म्हणून निवृत्त झालो आणि कामठीला घर करून राहिलो. धाकटी मुलगी अजून शाळेत आहे. मोठ्या मुलाने बारावीनंतर नागपुरातील एका खासगी महाविद्यालयात बी.फार्म.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला, त्याला आता सोळा महिने झाले. या काळात माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी असलेली प्रधानमंत्री शिष्यवृत्ती मिळवणे, ती प्रत्यक्ष खात्यात येणे आणि दुसऱ्या वर्षासाठी तिचे नूतनीकरण करणे, हे तिन्ही टप्पे आम्ही पार केले. योजनेची माहिती अनेक ठिकाणी मिळते, परंतु ती महाविद्यालयात कशी हाताळली जाते याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, आणि खरी अडचण तिथेच येते असे माझे मत झाल्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आधी योजनेविषयी थोडक्यात. ही शिष्यवृत्ती २००६-०७ पासून सुरू असून संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील केंद्रीय सैनिक बोर्ड ती चालवते. दरवर्षी देशभरातून ५,५०० नवे विद्यार्थी निवडले जातात, त्यांत निम्म्या मुली असतात. २०१९-२० पासून मुलांना दरमहा २,५०० रुपये आणि मुलींना ३,००० रुपये असा दर आहे व वर्षाची रक्कम एकत्रितपणे विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. बारावीला किमान ६० टक्के गुण हवेत आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त व्यावसायिक पदवीचा हवा. युद्धात वीरगती प्राप्त झालेल्या आणि अपंगत्व आलेल्या जवानांच्या पाल्यांना अग्रक्रम आहे, आणि तो असायलाच हवा. माझ्यासारख्या सामान्य निवृत्त जवानाच्या मुलाचा क्रम शेवटच्या गटात लागतो आणि तिथे गुणवत्तेवर निवड होते.

या नियमांपैकी एकाचे महत्त्व पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. नव्याने अर्ज करायचा तो पहिल्याच वर्षी. ते वर्ष हुकले की दुसऱ्या वर्षी कितीही चांगले गुण मिळवले तरी दार बंद होते. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात मुलासाठी ही रक्कम १,२०,००० रुपये होते. म्हणजे पहिल्या वर्षी महाविद्यालयातील एका कागदावर वेळेत सही झाली नाही, तर निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराचे नुकसान एका वर्षाचे नसते, ते चारही वर्षांचे असते.

आमच्याकडे हा कागद जवळजवळ अडकलाच होता. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर भरायचा असतो आणि त्यासोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्रे जोडायची असतात. माजी सैनिक असल्याचे प्रमाणपत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय देते, आधार जोडलेल्या खात्याचे प्रमाणपत्र बँक देते आणि विद्यार्थी नियमित शिकत असल्याचे प्रमाणपत्र महाविद्यालयाच्या प्रमुखाच्या सही-शिक्क्याने लागते. पहिले प्रमाणपत्र मला डिस्चार्ज बुक (सैन्यातून सेवामुक्त झाल्याची पुस्तिका), पी.पी.ओ. (निवृत्तिवेतनाचा आदेश) आणि ओळखपत्र दाखवून सहज मिळाले. महाविद्यालयाच्या खिडकीवर मात्र नमुना हातात घेऊन पाहण्यापूर्वीच मला सांगण्यात आले, "भाऊ, शिष्यवृत्तीचे सगळे महाडीबीटीवर होते, हे आमच्याकडे नसते." (महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचे संकेतस्थळ.) मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा महाविद्यालयाच्या नेहमीच्या छापील बोनाफाईडवर नाव घालून ते माझ्या हाती देण्यात आले. लागतो तो कागद हा नव्हे, असे मी सांगितले, परंतु बोनाफाईड म्हणजे बोनाफाईड, असे उत्तर मिळाले. अर्ज भरला, आणि कागदपत्रांच्या पडताळणीत तो त्रुटीसाठी परत आला. तो परत येणे योग्यच होते, कारण ठरलेल्या नमुन्यात अभ्यासक्रमाचा कालावधी, त्याची मान्यता आणि प्रवेशाचे वर्ष यांची नोंद असते आणि साध्या बोनाफाईडमध्ये यातले काहीच नसते.

त्यानंतरच्या अकरा दिवसांत मी कामठीहून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत ऑटो आणि पुढे मेट्रो असा प्रवास चार वेळा केला. एकदा प्राचार्य बाहेरगावी होते. एकदा शिक्का ज्यांच्या ताब्यात असतो ते रजेवर होते. एकदा विद्यार्थी विभागाने लेखा विभागाकडे आणि लेखा विभागाने पुन्हा विद्यार्थी विभागाकडे पाठवले. चौथ्या वेळी मी थेट प्राचार्यांना भेटलो, नियमाचे पान त्यांच्यापुढे ठेवले आणि त्यांनी दोन मिनिटांत सही केली. त्यांचा कधीच विरोध नव्हता, कारण तो कागद त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. मुदत संपायला तेव्हा तीन दिवस उरले होते.

मी स्वतः पलटणीच्या कार्यालयात वर्षानुवर्षे कागद हाताळले आहेत, म्हणून खिडकीवरच्या माणसाला दोष देऊन मोकळे होणे मला पटत नाही. मी विचार केला तेव्हा कारण वेगळे दिसले. महाडीबीटीवरील अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये येतो. तो लिपिकाला तपासावा लागतो, प्राचार्यांच्या पातळीवर पुढे पाठवावा लागतो, आणि त्या योजनांवर महाविद्यालयाच्या शुल्काची वसुली अवलंबून असते. म्हणून तिथे त्यासाठी माणूस नेमलेला असतो, फलक लागतो आणि मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सूचना जाते. प्रधानमंत्री शिष्यवृत्तीची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जाते, महाविद्यालयाच्या हिशेबात तिचा एक रुपयाही येत नाही, आणि महाविद्यालयाकडे येतो तो केवळ विद्यार्थ्याच्या हातातला एक कागद. ज्या कामाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही, ते कोणत्याच टेबलाचे नसते. मुलीच्या शाळेशी तुलना केली की हा फरक अधिक जाणवतो. हवालदार व त्याखालील पदांवरून निवृत्त झालेल्यांच्या दोन पाल्यांपर्यंत दरमहा १,००० रुपयांचे (नोव्हेंबर २०२५ पासून २,००० रुपयांचे) जे शैक्षणिक अनुदान केंद्रीय सैनिक बोर्ड देते, त्यासाठी मुख्याध्यापिकांनी आवश्यक कागद त्याच दिवशी दिला, कारण त्या शाळेत असे निर्णय एकाच खोलीत होतात.

या निमित्ताने अमेरिकेतील व्यवस्थेविषयी वाचले. तिथे १९४४ च्या कायद्यापासून माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकार उचलत आले आहे, आणि अशा विद्यार्थ्यांना घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयात त्यांच्या प्रवेशाची व अभ्यासक्रमाची माहिती प्रमाणित करून सरकारला कळवणारा एक ठरलेला अधिकारी असतो. आजच्या मुख्य योजनेत शिक्षण शुल्क थेट महाविद्यालयाला दिले जाते. २०१८ च्या अखेरीस झालेल्या एका कायद्याने तर असे बंधन घातले की सरकारी रक्कम येण्यास उशीर झाला म्हणून महाविद्यालयाने अशा विद्यार्थ्याला विलंब शुल्क लावू नये आणि वर्ग किंवा ग्रंथालयाचे दार बंद करू नये. त्यांची योजना मुख्यतः स्वतः सैनिकासाठी आहे, आपली पाल्यांसाठी आणि वीरपत्नींसाठी आहे, आणि रकमांत तर तुलनाच नाही. परंतु ठरलेला माणूस असणे आणि उशिराचा भार विद्यार्थ्यावर न टाकणे या दोन गोष्टींना पैसा लागत नाही.

उशिराचा भार आमच्यावर आला तो असा. शुल्काचा दुसरा हप्ता भरण्याची तारीख शिष्यवृत्तीच्या निवडीपूर्वीच येऊन ठेपली. मी मुदतवाढीचा अर्ज दिला, त्याचे लेखी उत्तर आले नाही आणि दंडाची सूचना मात्र मुलाच्या मोबाइलवर आली. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून मी हप्ता भरला. पुढे निवड यादीत नाव आले, आणि काही महिन्यांनी ३०,००० रुपये मुलाच्या खात्यात एकरकमी जमा झाले, त्यातून एक पैसाही कापला गेला नाही. ती नोंद पासबुकात पाहताना मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "बाबा, हे तुमच्या नोकरीचे आहेत." या योजनेविषयी माझी कृतज्ञता पूर्ण आहे, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे.

नूतनीकरणाचा टप्पा कागदावर सोपा आहे. वर्षाला किमान ५० टक्के गुण हवेत आणि महाविद्यालयाचे प्रमाणपत्र पुन्हा हवे. प्रत्यक्षात गुणपत्रिकेवर श्रेयांक आणि श्रेणी होती, आणि अर्जात टक्केवारी विचारली होती. रूपांतराचे सूत्र महाविद्यालयाला ठाऊक असते, परंतु ते लिहून, सही करून देण्याची पद्धत तिथे नव्हती. या वेळी मी सूत्राचे परिपत्रक आणि पत्राचा मसुदा दोन्ही टंकलिखित करून नेले, आणि काम दोन दिवसांत झाले. ज्या पालकांना असा मसुदा तयार करता येत नाही, आणि आपल्या गावांत अशा वीरमाता, वीरपत्नी खूप आहेत, त्यांनी काय करावे हा प्रश्न मला त्या दिवसापासून सतावतो.

प्रवेश घेणाऱ्या पालकांना माझे सांगणे एवढेच आहे की प्रवेश निश्चित होताच, संकेतस्थळ सुरू होण्याची वाट न पाहता, मागील वर्षाचा नमुना दाखवून सही कोणाची, शिक्का कोणाकडे आणि नोंद कोणत्या टेबलावर, हे विचारून ठेवावे. मुलाचे नाव डिस्चार्ज बुक, दहावीचे प्रमाणपत्र आणि आधार यांवर अक्षरशः सारखे आहे का, हेही त्याच आठवड्यात पाहावे. नायक पदावरून निवृत्त झालेल्या माझ्या ओळखीच्या एका जवानाच्या मुलीचे नाव भाग दोन आदेशात, म्हणजे जवानाच्या कुटुंबाच्या नोंदी होतात त्या सैन्याच्या आदेशात, वेगळ्या वर्णलेखनाने नोंदले गेले होते आणि ते रेकॉर्ड ऑफिसमधून दुरुस्त होऊन येईपर्यंत तिचे पहिले वर्ष संपले.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मी प्राचार्यांना एक पानी विनंती दिली होती, की माजी सैनिकांच्या पाल्यांची कागदपत्रे कोण पाहणार त्या कर्मचाऱ्याचे नाव सूचना फलकावर लावावे. नाव अद्याप लागलेले नाही. परंतु विद्यार्थी विभागातील मॅडमनी तो नमुना टेबलावरच्या काचेखाली ठेवला आहे, आणि गेल्या महिन्यात काटोल आणि उमरेडकडच्या दोन मुलांना पहिल्याच फेरीत सही मिळाली, असे त्यांनी मला सांगितले.