आईचं ऑपरेशन ठरलंय, घरात रजा कोणी टाकायची? प्रायव्हेटवाल्याने की सरकारीवाल्याने

आईबाबांच्या आजारपणासाठी म्हणून वेगळी रजा आपल्याकडे कायद्यात नाहीच. गंमत बघा, मुलांनी आईबापांना सांभाळायचंच असं सांगणारा २००७ चा कायदा आहे, पण सांभाळायला दिवस कुठून काढायचे ते त्यात नाही. त्यामुळे आहेत त्याच रजांमध्ये जुगाड करायचा.

मुंबईत प्रायव्हेट ऑफिस असेल तर बहुतेक वेळा हिशोब २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याचा. वर्षाला ८ सीएल (किरकोळ रजा), पगारी, पण त्या तिमाहीला थोड्याथोड्या जमा होतात आणि डिसेंबरला उरल्या तर गेल्या, मग टेस्ट, ओपीडी, भूलवाल्या डॉक्टरचा फिटनेस अशा एकेक दिवसाच्या कामांना सीएलच टाका, साठवून काय लोणचं घालायचंय.

ईएल (काम करून कमावलेली, म्हणजे अर्जित रजा), काही कंपन्यांत तिलाच पीएल म्हणतात, आदल्या वर्षी २४० दिवस भरले असतील तर दर २० दिवसांमागे १ मिळते, म्हणजे साधारण १२ ते १५, आणि ४५ पर्यंत साठते. लोक काय करतात, ॲडमिट केल्या दिवसापासून ईएल टाकतात आणि हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून राहतात, आत नर्स असतातच, आपल्याला भेटायच्या वेळेतच सोडतात. खरी पंचाईत डिस्चार्जनंतर. गुडघा बदललेल्या बाईला रात्री तीनदा बाथरूमला न्यायचं, फिजिओ येणार तेव्हा घरात कोणीतरी हवं, आणि पेशंट सांभाळायला ब्यूरोकडून मागवलेली बाई पहिल्याच दिवशी येईल याचा भरवसा नाही. ईएल तेव्हासाठी ठेवा.

बिनपगारी सगळ्यात शेवटी. पगार कापतात ते दिसतं, पण त्या दिवसांचा पीएफही पडत नाही, शिवाय २४० च्या हिशोबात ईएलचे दिवस धरतात तसे बिनपगारीचे धरत नाहीत. पाच दिवसांचा आठवडा असेल तर मुळात वर्षाला अडीचशेच्या आसपास दिवस भरतात, एचआरने कडक मोजलं तर महिनाभर बिनपगारी काढल्यावर पुढच्या वर्षीची ईएलच गोत्यात.

ईएसआयसीवाल्यांनो (सरकारी कामगार विमा, महिना पगार २१,००० पर्यंत), आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो तो तुम्ही स्वतः आजारी असाल तरच. तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवर उपचार होतात तिथे, पण तिच्यापायी तुम्ही घरी बसलात त्याचे पैसे नाहीत. आणि स्वतःच्या नावाचं खोटं मेडिकल सर्टिफिकेट आणू नका प्लीज, त्यात नोकरी जाऊ शकते.

आता सरकारी. सेंट्रलवाल्यांना, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरांना, वर्षाला ३० ईएल, २० हाफ पे (अर्ध्या पगाराची रजा), ८ सीएल, २ आरएच (यादीतून निवडायच्या ऐच्छिक सुट्ट्या), आणि ईएल ३०० पर्यंत साठते. जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत सरकारने हेच सांगितलं, की म्हाताऱ्या आईवडिलांसाठी याच रजा वापरा. हाफ पेला स्वतः आजारी असायची गरज नाही, घरगुती कारण चालतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. बालसंगोपन रजेवर मात्र डोळा ठेवू नका, सेंट्रलची ७३० दिवसांची असो की राज्याची १८० ची, ती मुलांसाठी आहे, सासूबाईंसाठी नाही.

म्हणजे कागदावर सरकारीवाला सरळ जिंकतो आणि लांबची रजा त्यानेच टाकावी. पण म्हणून सून रेल्वेत आहे तर तिनेच महिनाभर घरी बसायचं आणि मुलाने डबा घेऊन ८.१७ ची फास्ट पकडायची, हे मला नाही पटत, आई त्याची आहे ना. डिस्चार्जनंतरचा पहिला आठवडा मुलाने ईएलवर काढावा, तिची ईएल त्यानंतर. दोघंही प्रायव्हेटमध्ये असाल तर फक्त ऑपरेशनच्या दिवशी एकत्र रजा, बाकी आलटून पालटून, आणि अर्ज ईमेलवरच करा, मॅनेजर कॅन्टीनमध्ये हो म्हणाला ते महिन्याच्या शेवटी पगार निघताना कोणाला आठवत नाही.