स्टॉर्मट्रूपरचं हेल्मेट आणि माझा गुण्या

खोक्यातून पांढऱ्या प्लास्टिकचे दोन मोठे तुकडे निघाले, दोन कान निघाले, हिरव्या अ‍ॅक्रिलिकचा एक तुकडा, रबराची पट्टी आणि एका पिशवीत स्क्रूबिक्रू. सूचनांचा कागद एकच, आणि तोही एकाच बाजूला छापलेला. मुलगी म्हणाली, "बाबा, हे तुझ्यासाठीच मागवलंय असं समज." म्हणजे हेल्मेट तिचं, किटचे पैसे तिचे, कस्टम्सची ड्यूटी आणि मजुरी माझी.

मी भोसरीत ३१ वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो. सिनेमातलं मला काही कळत नाही, त्यामुळे हा किट मी एक जॉब म्हणून तपासला. विकणारा इंग्लंडमधला आहे. खाली तक्रारी आहेत आणि माणूस एकटाच धंदा चालवत असावा असं वाटतं, म्हणून नाव लिहीत नाही. अशा प्रकारचे किट बरेच जण विकतात आणि जोडणी सगळ्यांची साधारण सारखीच असते, तेव्हा दुसऱ्याकडून घेणाऱ्यालाही हे उपयोगी पडेल.

माल काय आहे ते आधी सांगतो. १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स'मध्ये पांढऱ्या चिलखतातले सैनिक आहेत, स्टॉर्मट्रूपर, त्यांच्या हेल्मेटची ही नक्कल. एबीएस नावाच्या प्लास्टिकचा शीट तापवून साच्यावर टाकायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची, म्हणजे व्हॅक्यूम फॉर्मिंग. आमच्या शेजारच्या शेडमध्ये पार्ट ठेवायचे ट्रे असेच निघायचे. या पद्धतीत शीट जिथे जास्त ताणला जातो तिथे पातळ होतो. मी आल्या आल्या मायक्रोमीटर लावला. डोक्याच्या वरच्या बाजूला जवळजवळ २ मिलिमीटर, हनुवटीच्या खोलगट भागात जेमतेम सव्वा. वाईट नाही. कुठे सुरकुती नाही, बुडबुडा नाही, कडा बोथट झालेल्या नाहीत. मुलीने सांगितलं की सिनेमात मागे उभ्या राहणाऱ्या सैनिकांची मूळ हेल्मेटं एचडीपीईची होती आणि वरून पांढरा रंग मारलेला. त्या प्लास्टिकवर ना गोंद धरत ना रंग, तेव्हा त्या काळी ज्याने ते काम केलं त्याच्याबद्दल मला सहानुभूती आहे. आपला माल मुळात पांढरा आहे, रंगवायची भानगड नाही. प्लास्टिकला पैकीच्या पैकी मार्क.

सूचनांना शून्य.

कापायचं कुठे हे कुठेही खुणेने दाखवलेलं नाही. साच्यावरून उतरलेल्या तुकड्याला खाली पसरट फ्लँज, म्हणजे जास्तीची कड असते, ती काढायची असते, डोळ्यांच्या जागी बंद खळगे असतात, ते उघडायचे असतात. सरळ कडांना कात्री नको. कटरने दोन-तीनदा हलक्या हाताने रेघ ओढायची आणि पट्टी वाकवायची, एबीएस त्या रेघेवर कट्‌कन तुटतं. वळणाच्या ठिकाणी मात्र कानसच. अर्धगोल कानस, मग १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग ४००. ग्राइंडर लावाल तर प्लास्टिक वितळून बिटाला गुंडाळतं, वर चरे पडतात ते वेगळे.

आणि एवढं सगळं माहीत असून डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात माझीच रेघ पुढे गेली. चार मिलिमीटर आत तडा. रिटायर होऊन दोन वर्षं झाली की हात जड होतात, दुसरं काय. मुलगी काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

यावर उपाय मात्र छान आहे. कापून उरलेल्या फ्लँजचे बारीक तुकडे करायचे आणि अ‍ॅसिटोनमध्ये टाकून रात्रभर ठेवायचे. एबीएस त्यात विरघळतं आणि सकाळी दह्यासारखी पांढरी पेस्ट तयार असते. तडा मागून याच पेस्टने भरायचा, दोन दिवस सुकू द्यायचा, घासायचा. रंग तोच, मटेरियल तेच, सांधा शोधून सापडत नाही. बरणी काचेची हवी. मी घेतली ती मुरांब्याची निघाली. हिने बाल्कनीत येऊन वास घेतला, म्हणाली, "अहो, ही बरणी आता स्वयंपाकघरात परत आणायची नाही," आणि दार लावून घेतलं. ते बरोबरच होतं, अ‍ॅसिटोन बंद खोलीत उघडायचंच नसतं, आणि गॅसच्या जवळपास तर नाहीच. म्हणून सांगतो, फ्लँजचा एकही तुकडा फेकू नका. किटमधला सगळ्यात कामाचा स्पेअर पार्ट तोच आहे आणि कागदावर त्याचा उल्लेख नाही.

आता फिटिंग. पुढचा चेहरा आणि मागची टोपी एकमेकांवर बाजूने चढतात आणि कानाखाली स्क्रूने धरली जातात. भोक पाडायची घाई करू नका. आधी सगळं मास्किंग टेपने बांधा आणि दोन दिवस तसंच टेबलावर राहू द्या, येताजाता बघा. टोपी मागे झुकवली तर कपाळ उघडं पडतं आणि सैनिक आश्चर्यचकित दिसतो. पुढे ओढली तर भुवया डोळ्यांवर येतात आणि तो चिडका दिसतो. हा फरक पाच-सहा मिलिमीटरचा, पण तोंडावरचा भाव पूर्ण बदलतो. आम्ही चिडका ठेवला.

टेपने बांधलेलं हेल्मेट मी काचेवर ठेवलं आणि सवयीने गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावला. डावा डोळा उजव्यापेक्षा तीन मिलिमीटर खाली. तोंडाची जाळी मध्यरेषेच्या एका अंगाला. गालावरच्या नळ्या दोन्हीकडे दोन वेगवेगळ्या कोनांत. मी सरळ म्हणालो, हा पीस रिजेक्ट, परत पाठव. आमच्याकडे असा माल इन्स्पेक्शनच्या टेबलापर्यंतही गेला नसता. हॉट एअर गन काढली, गाल तापवून एक बाजू थोडी उचलावी असा विचार होता. मुलीने प्लगच काढून घेतला.

"बाबा, ते तसंच आहे. खरं हेल्मेट वाकडंच आहे."

मग तिने सिनेमातली चित्रं थांबवून थांबवून दाखवली. खरंच वाकडं आहे. राल्फ मॅक्वारी या चित्रकाराने या सैनिकांची चित्रं काढली, निक पेंबर्टन यांनी त्यावरून हाताने मातीचा नमुना केला आणि अँड्र्यू एन्सवर्थ यांनी व्हॅक्यूम फॉर्मिंगने हेल्मेटं काढली, सिनेमासाठी ५०. हाताने केलेल्या मातीला कुठली मध्यरेषा? तो वाकडेपणा साच्यात उतरला, साच्यातून प्लास्टिकमध्ये, आणि आता जगभर लोक तोच मिलिमीटर-मिलिमीटर जपतात. १९९७ साली अमेरिकेत सुरू झालेली ५०१ लीजन म्हणून हौशी लोकांची संघटना आहे, तिच्याकडे या पोशाखाची बारीक मानकं आहेत, आमच्या ड्रॉइंगसारखी. ज्या किटमध्ये दोन्ही बाजू अगदी सारख्या असतात, त्याला हे लोक नाक मुरडतात. मला ही गोष्ट पचायला आठवडा लागला. ३१ वर्षं वाकडं ते सरळ करायचा पगार घेतला आणि आता वाकडं ते वाकडंच नेमकं ठेवायचं.

याच हेल्मेटावरून मोठा खटलाही झाला. एन्सवर्थ पुढे अशी हेल्मेटं विकायला लागले म्हणून सिनेमा बनवणाऱ्या लुकासफिल्म कंपनीने त्यांना कोर्टात खेचलं. प्रश्न असा होता की हेल्मेट म्हणजे शिल्प की वापरायची वस्तू. शिल्प ठरलं असतं तर कॉपीराइटचं संरक्षण लांबलं असतं. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सांगितलं, शिल्प नाही, सिनेमा बनवताना उपयोगी पडलेली वस्तू आहे. अमेरिकेतला कायदा वेगळा, तिकडे एन्सवर्थ यांच्या विरोधात निकाल लागला होता. मला ब्रिटनमधल्या निकालाने बरं वाटलं. मी आयुष्यात बनवलेल्या कुठल्याच जॉबला कोणी शिल्प म्हणालं नाही, निदान हेल्मेट आणि मी एका रांगेत आलो.

कान हा या किटचा सगळ्यात अवघड भाग, आणि सूचनांच्या कागदावर त्याला एकच वाक्य आहे: कान बसवा. कानाची मागची कड हेल्मेटच्या वळणाला बसत नाही. ती तुम्हाला घासून बसवायची असते, आणि दोन्ही बाजू वेगळ्या असल्यामुळे डाव्याचं माप उजव्याला चालत नाही. आमच्याकडे जुनी पद्धत आहे, निळं लावून बघायचं. एका पार्टवर पातळ निळा रंग फासायचा, दुसरा टेकवायचा, जिथे रंग उठला तिथे उंचवटा, तेवढंच घासायचं. मी निळ्याऐवजी खडू वापरला, पांढऱ्या प्लास्टिकवर निळा खडू छान उठतो. टेकव, बघ, घास, टेकव. एका कानाला एक संध्याकाळ तरी धरा. डावा साडेतीन तासांत झाला, उजव्याने दोन संध्याकाळी खाल्ल्या. आता फटीत पोस्टकार्डसुद्धा जात नाही. याहून जास्त घासलं तर कान छोटा होतो आणि मग परतीचा रस्ता नाही, त्यामुळे शेवटचा अर्धा मिलिमीटर फक्त पॉलिश पेपरने.

ड्रिलिंगला मशीन असेल तर स्पीड अगदी कमी ठेवा, नाहीतर साधं हात-ड्रिल बरं. मागून लाकडाचा ठोकळा धरायचा. आधी लहान बिट, मग मापाचं. स्क्रू आवळताना आतून वॉशर द्यायचाच. किटमध्ये वॉशर नव्हते, दोन रुपयांच्या वस्तूसाठी एवढी काटकसर का करतात कळत नाही. वॉशरशिवाय आवळलंत तर भोकापासून तडा निघणार, आज नाही तर महिन्याने.

हिरवी काच म्हणजे अ‍ॅक्रिलिक, वेल्डिंगच्या चष्म्यासारखी. ती आतून चिकटवायची नाही, निदान झटपट चिकटणाऱ्या गोंदाने तर मुळीच नाही. त्याची वाफ काचेवर बसते आणि पांढरट धुकं तयार होतं, ते पुसून जात नाही. मी आतल्या बाजूला छोटे बोल्ट बसवून त्यांच्यावर काच अडकवली. काढून धुता येते.

रंगकाम मुलीने केलं, मला हात लावू दिला नाही. हंब्रॉल कंपनीच्या रंगांचे छोटे डबे मागवले: करड्यासाठी ५ नंबर, गालावरच्या निळ्या रेघांसाठी १४, काळ्यासाठी ८५. या तिन्ही नंबरांवर या छंदातले लोक बहुतेक एकमत आहेत. किटबरोबर स्टिकर आले होते, ते तिने ड्रॉवरमध्ये टाकले. मूळ हेल्मेटावर रेघा ब्रशने मारलेल्या आहेत, जाडी कमीजास्त आहे, आणि स्टिकर लावला की लांबूनही तो स्टिकर वाटतो. पेन्सिलने रेघा आखून, श्वास धरून तिने एकेक ओढली. एक जरा जाड झाली. मी तोंड उघडणार होतो, मग मीच गप्प बसलो.

डोक्यावर बसवण्यासाठी किटमध्ये स्पंजचे चार तुकडे आहेत. ते निरुपयोगी. मे महिन्यात पुण्यात ते घामाने भिजून खाली घसरतात आणि हेल्मेट नाकावर येतं. त्या सिनेमात एक सैनिक दारातून आत येताना वरच्या चौकटीला डोकं आपटतो, ते दृश्य प्रसिद्ध आहे म्हणे. मी बघितल्या बघितल्या म्हणालो, याचं लायनर ढिलं आहे. मी कंपनीतलं माझं जुनं पिवळं सेफ्टी हेल्मेट काढलं, त्यातला पट्ट्यांचा सांगाडा सोडवला आणि चार जागी आतून अँगल लावून बसवला. मागच्या चाकाने डोक्याच्या मापाला घट्ट होतो, वर हवेला जागा राहते. त्यावर पाच व्होल्टचे दोन छोटे पंखे, मोबाइलच्या पॉवर बँकवर चालणारे. एक तोंडाकडून हवा घेतो, एक काचेवर सोडतो. काचेवर वाफ धरत नाही. तरी खालचं दिसत नाही ते नाहीच. जिना उतरताना कोणाचा तरी हात धरावा लागतो, ही डिझाइनचीच अडचण आहे, किटची नाही.

घ्यावा का? हातात कानस धरलेली असेल, किंवा घरात तसं कोणी असेल, तर जरूर घ्या. प्लास्टिक उत्तम आहे आणि वाकडेपणा प्रामाणिक आहे. शनिवारी खोकं उघडून रविवारी घालायचं असेल तर पैसे वाचवा आणि तयार जोडलेलं घ्या. आम्हाला संध्याकाळचे दोन-दोन तास धरून पाच आठवडे लागले. पाचपैकी साडेतीन, अर्धा वॉशरसाठी कापला, एक कागदासाठी.

मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-सिनेमाच्या चाहत्यांच्या मेळ्याला, ती हेल्मेट प्रेशर कुकरच्या खोक्यातून घेऊन गेली, ते मापाला बरोबर बसतं. गाडीच्या हादऱ्याने उजव्या कानाचा खालचा स्क्रू सैल होतो हे मला घरीच स्कूटरवर कळलं होतं, म्हणून खोक्यात वरच एक छोटा स्क्रूड्रायव्हर ठेवला. दुपारी तिचा फोन आला, "बाबा, इथे आणखी तिघांनी तो मागून नेला."