स्टॉक फोटो की स्वतःचं शूट: पैसे कुठे घालावेत?

गणपती जवळ आले की व्हॉट्सअ‍ॅपवर मोदकांच्या जाहिराती फिरू लागतात. एक गिरगावातली, एक पार्ल्याची, एक ठाण्याची. आणि तिन्हींत केळीच्या पानावरचे तेच मोदक, कोपऱ्यात तेच जास्वंद. मोदक साच्यातले आहेत हे कळ्या बघणाऱ्या बाईला लगेच कळतं. खाली मात्र लिहिलेलं असतं, ‘हाताने वळलेले’. ज्या कसबासाठी गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजणार, तेच फोटोत नाही.

माझा हिशेब यावरच बेतलेला आहे. गिऱ्हाईक जे खाणार, नेसणार, हातात घेणार किंवा ज्या माणसाला भेटायला येणार, त्याचा फोटो स्वतःचाच हवा. बाकी ठिकाणी स्टॉक, म्हणजे वेबसाइटवर कुणालाही तयार मिळणारे फोटो, खुशाल वापरा.

स्टॉकची सोय खरी आहे. रात्री अकराला दिवाळीच्या शुभेच्छांची पोस्ट करायची तर अनस्प्लॅश, पेक्सेल्सवर फोटो फुकट मिळतो आणि शटरस्टॉक, अडोबी स्टॉकवर थोड्या पैशांत. विमा सल्लागार, ट्रॅव्हलवाले, सॉफ्टवेअर विकणारे यांच्या रोजच्या पोस्टना तेवढं पुरतं. त्यांनी स्वतःचा एक नीट पोर्ट्रेट काढून घेतला की झालं.

पण पैसे भरले म्हणून फोटो एकट्या तुमचा होत नाही. २००४ मध्ये अमेरिकेत डेल आणि गेटवे या दोन स्पर्धक कंपन्यांच्या जाहिरातींत एकच मुलगी झळकली होती. दोघांनीही स्टॉकमधूनच घेतली होती. एवढ्या मोठ्या कंपन्यांचं असं होतं, तर एकाच गल्लीतल्या दोन डेंटिस्टांकडे तेच हसरे दात दिसले तर नवल नाही.

शिवाय लायसन्स कुणी वाचत नाही. शटरस्टॉक आणि अडोबीच्या साध्या लायसन्सवर छपाईची मर्यादा ५ लाख प्रतींची. छोट्या धंद्याला ती आडवी येत नाही, पण तोच फोटो मगवर किंवा टी-शर्टवर छापून विकायचा तर वरचं, महाग लायसन्स लागतं. ‘एडिटोरियल’ (म्हणजे बातमी-लेखांपुरता) शिक्का असलेला फोटो जाहिरातीत चालतच नाही, आणि विसर्जनाची गर्दी किंवा मैदानावरचा खेळाडू असे फोटो बरेचदा त्याच गटात असतात. अनस्प्लॅशच्या फुकट फोटोंत ओळखू येणाऱ्या माणसाची किंवा दिसणाऱ्या ब्रँडची परवानगी गृहीत धरलेली नाही. मुंबईपुरतं एक लक्षात ठेवा: कुलाब्याच्या ताज हॉटेलच्या इमारतीला २०१७ मध्ये ट्रेडमार्क मिळाला आहे. आपल्या मालाच्या जाहिरातीत मागे ताज टाकण्याआधी वकिलाला विचारा.

काही ठिकाणी मात्र निवड करण्याचा प्रश्नच येत नाही. अ‍ॅमेझॉनला मुख्य फोटो शुभ्र पांढऱ्या पार्श्वभूमीवर लागतो, वस्तूने ८५ टक्के चौकट भरलेली हवी, आणि ती वस्तू तुमचीच हवी. खाण्याच्या धंद्यात तर हे आणखी कडक. मेन्यूवर एआयने बनवलेले पदार्थांचे फोटो नकोत, असं झोमॅटोने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं. अशा फोटोंमुळे तक्रारी आणि परतावे वाढतात हे कारण दिलं. स्टॉकमधल्या थाळीचंही तेच होतं. थालीपीठ शोधलं तर बरेचदा पराठा समोर येतो. आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाचं खोटं वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते, हेही आहेच.

आता स्वतःच्या शूटची दुसरी बाजू. खर्च फक्त फोटोग्राफरचा नसतो. असिस्टंट, लाइट, खाण्याचं शूट असेल तर स्टायलिस्ट, नंतरचं रिटचिंग (कॉम्प्युटरवर फोटो सुधारणं), आणि फोटोग्राफर नोंदणीकृत असेल तर वर १८ टक्के जीएसटी. दिवस मोडतो तो वेगळाच, कारण दुकान अर्धा वेळ बंद ठेवावं लागतं. जून ते सप्टेंबर बाहेरच्या शूटवर भरवसा ठेवू नका. स्टेशन किंवा चौपाटीवर व्यावसायिक शूटला परवानगी लागते, म्हणून पहिलं शूट आपल्याच जागेत करा. आपल्या दुकानांतली खरी अडचण जागेपेक्षा ट्यूबलाइटची असते: खिडकीचा उजेड आणि ट्यूब एकत्र आले की पैठणीचा रंग फोटोत भलताच येतो आणि साडी परत येते. ट्यूब बंद करून बघा. (फोटोग्राफरने स्वतःहून ती बंद केली, तर माणूस चांगला आहे.)

दुकानातल्या मुलांचे, काकूंचे फोटो वापरणार असाल तर लेखी संमती घ्या. क्लासवाल्यांनी विद्यार्थ्यांच्या पालकांची. ब्लेझरमधली परदेशी मुलं डोंबिवलीच्या क्लासच्या फ्लेक्सवर टाकण्यापेक्षा हा त्रास परवडला.

बजेट तोकडं असेल तर अर्ध्या दिवसाचं एकच शूट करा: मुख्य माल, काम करणारे हात, मालकाचा चेहरा, दुकानाची पाटी. वर्षभर हेच आलटूनपालटून वापरता येतं. सणावाराला स्टॉक, रोजच्या स्टेटसला मोबाइल. अगदीच नवा धंदा असेल आणि काय विकायचं तेच पक्कं नसेल, तर शूट थांबवा. सहा महिन्यांत मेन्यू बदलला की ते फोटो वाया जातात.

कोटेशन घेताना रिटच केलेले फोटो किती, बदल किती वेळा करून मिळणार आणि हक्क कुणाचे, हे लिहून घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, पण करारात वेगळं ठरलेलं नसेल तरच. बरेच फोटोग्राफर वेगळं लिहून ठेवतात: फक्त सोशल मीडियासाठी, किंवा एका वर्षापुरतं. होर्डिंग लावायचा विचार असेल तर ते सही करण्याआधीच सांगा, नंतर दर वाढतो. रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातल्या न सुधारलेल्या मूळ फाइल्स, सहसा देत नाहीत. त्यावरून घासाघीस करण्यापेक्षा दोन फोटो जास्त मागून घ्या.