४७ सेकंदांची व्हॉइस नोट आणि देवगडच्या वकीलबाई

वकीलबाईंचं नाव लिहीत नाही. वकिलांनी जाहिरात करायची नाही असा बार कौन्सिलचा नियम आहे, म्हणून त्यांनीच बजावलं, "काकानू, लिहायचं तर लिहा, पण माझं नाव नको." देवगड कोर्टाच्या आसपास राहणाऱ्यांना त्यांच्या ऑफिसच्या जिन्यावरून कळेलच. अरुंद जिना, वर एकच पंखा, आणि बाहेरच्या बाकावर सकाळी साडेआठपासून माणसं.

आमची हापूसची दीडशे कलमं. पलीकडे चुलतभावाची बाग, मधे गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांची भिंत. दोन वर्षांपूर्वी त्याने हद्दीचा दावा लावला. फेब्रुवारीत मोहोरावर फवारणी चालू असताना गडग्याचे पाच-सहा दगड खाली पडलेले दिसले. कोणी पाडले देव जाणे, वानरंही पाडतात. पण माझं डोकं फिरलं. फोन काढला, बटण दाबून धरलं आणि ४७ सेकंद बोललो. शिव्या वगळतो. शेवट असा होता: "दावो मागे घे, नायतर गडग्याकडे गावलंस तर कोयत्यान हात तोडून टाकतलंय."

त्याने ते जसंच्या तसं पोलीस ठाण्यात ऐकवलं. आठवड्याभराने हवालदारांचा फोन, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) झालीय, येऊन जा.

खरं सांगतो, मला आधी हसू आलं. आमच्याकडे शिवी दिल्याशिवाय माया कळत नाही. माझ्या आवशीने मला आंघोळीला बोलावताना जितक्या वेळा तंगडी मोडायची भाषा केली असेल, तेवढ्या वेळा देवाचं नाव घेतलं नसेल.

वकीलबाईंनी नोट तीनदा ऐकली. शिव्यांच्या वेळी चेहऱ्यावर काही नाही. तिन्ही वेळा एकाच जागी थांबवली, कागदावर एक शब्द लिहिला आणि त्याला गोल केला: नायतर.

"शिव्यांचं आपण बघू," म्हणाल्या. "ह्या शब्दाचं काय करायचं ते सांगा."

मग त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात कलम ३५१ म्हणजे गुन्हेगारी धमकी. आधी हेच दंड संहितेत ५०३ आणि ५०६ होतं. एखाद्याच्या शरीराला, मालमत्तेला किंवा अब्रूला इजा करीन असं सांगायचं, आणि सांगण्यामागे त्याला घाबरवण्याचा हेतू हवा, किंवा त्याचा जो हक्क आहे तो त्याने सोडावा, जे करायला तो बांधील नाही ते त्याने करावं, असा हेतू हवा. कायद्यातच उदाहरण दिलंय: ब ने दिवाणी दावा चालवू नये म्हणून अ त्याला घर जाळण्याची धमकी देतो. वकीलबाईंनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. इंग्रजांच्या काळी लिहिलेलं ते उदाहरण वाचताना वाटलं, आमच्या वाडीत बसूनच लिहिलं की काय.

"दावा लावणं हा त्यांचा हक्क. तुम्ही नुसतं तोंडाला येईल ते बोलला असतात तर मी रागाच्या भरात म्हणून भांडले असते. पण तुम्ही मागणीही घातलीत."

पुढे आणखी गार झालो. साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. ठार मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत. गंभीर दुखापत म्हणजे काय, तर कलम ११६ मध्ये यादी आहे. हात तोडणं अर्थात त्यात आहे. पण हाड मोडणं आहे, आणि दातसुद्धा आहे. म्हणजे 'दात पाडीन' हेही. आवस आज असती तर सोडवता सोडवता नाकी नऊ आले असते.

मी विचारलं, मग आता कोणी काही बोलायचंच नाही का? तेव्हा त्यांनी बंगळुरूचं प्रकरण सांगितलं. २०१३ मध्ये एका जोडप्याच्या गाडीचा रिक्षाशी अपघात झाला, पोलिसांच्या वागण्याबद्दल त्यांनी वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर जळजळीत लिहिलं, आणि त्यांच्यावरच धमकीचा गुन्हा लागला. २०१५ मध्ये माणिक तनेजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला: भीती घालण्याचा हेतू नसेल तर नुसते शब्द पुरेसे नाहीत. मी खूश झालो. बाई म्हणाल्या, "त्यांच्या लिहिण्यात नायतर नव्हतं."

कामाचे सल्ले: नोट पुसू नका. भावाला फोन करू नका, मध्यस्थही पाठवू नका. साध्या धमकीची एनसी असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, पण म्हणून निर्धास्त राहू नका, तहसीलदारांकडून चॅप्टर केसची, म्हणजे पुढे भांडण होऊ नये म्हणून करायच्या कारवाईची, नोटीस येऊ शकते, मग शांतता राखण्याचा बाँड द्यावा लागतो. नोटीस आलीच. उत्तर त्यांनी दीड पानात लिहिलं, एकही अलंकार नाही.

मी घरून माफीचं पत्र लिहून नेलं होतं. 'झालं गेलं विसर, नाहीतर दोघांचंही नुकसान आहे.' त्यांनी लाल पेन उचललं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मीच खोडलं.

आता उणं. वेळ सकाळी नऊची देतात आणि अकराला कोर्टात पळतात, मला पहिल्या दिवशी दोन तास बाकावर बसवून उद्या या म्हणून सांगितलं. फोन उचलत नाहीत. पहिल्या सल्ल्याचे हजार घेतले, पावती मागितल्यावर मिळाली. कारकुनाला झेरॉक्सचे सुटे द्या, तो शंभराची नोट बघून सुस्कारा टाकतो.

पाचपैकी चार. सोमवारी जाऊ नका, बाजारासारखी गर्दी असते. जाताना संपूर्ण नोट घेऊन जा, आपल्या सोयीची कापून नाही. आणि जिन्याची वरून तिसरी पायरी हलते, तिच्यावर पाय ठेवू नका.