सेसना सायटेशन लॅटिट्यूड : माणूस ताठ उभा राहतो, पण टाकी आणि खुर्च्या एकदम भरत नाहीत

मध्यम आकाराच्या बिझनेस जेटमध्ये सेसनाचं नाव आधीही मोठं होतं, पण केबिनमध्ये चालताना मान वाकवावी लागायची. एक्सएलएस प्लस आणि सॉव्हरिन या दोन्ही विमानांत उंची ५ फूट ८ इंच, तीही मधल्या खोलगट वाटेत. खुर्च्या त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना उंचवट्यावर. खुर्चीतून उठताना पाय नेमका त्या पायरीवर अडखळतो आणि वयस्कर प्रवाशाला हात द्यावा लागतो. लॅटिट्यूडमध्ये वाटेतला हा खळगाच काढून टाकला आहे. जमीन दारापासून टॉयलेटपर्यंत सपाट, उंची ६ फूट, रुंदी ७७ इंच म्हणजे १.९६ मीटर. जुन्या दोन भावंडांपेक्षा रुंदी तब्बल ११ इंचांनी जास्त.

हे साधलं ते नव्या, जाड धडामुळे. पंखांची रचना मात्र सॉव्हरिनच्याच घराण्यातली आहे आणि कागदोपत्री हे मॉडेल ६८०ए म्हणून ओळखलं जातं. २०११ मध्ये घोषणा झाली तेव्हा पल्ला अवघा २,००० नॉटिकल मैल सांगितला होता. ग्राहकांनी नाकं मुरडली, मग पल्ला वाढत वाढत २,७०० वर, म्हणजे ५,००० किलोमीटरवर आला. पहिलं उड्डाण फेब्रुवारी २०१४ मध्ये, अमेरिकी विमानवाहतूक नियामकाचं, म्हणजे एफएएचं, प्रमाणपत्र जून २०१५ मध्ये.

नेहमीच्या मांडणीत दारासमोर दोघांचा आडवा सोफा, त्यामागे समोरासमोर चार खुर्च्या आणि शेवटी पुढे तोंड केलेल्या दोन. टॉयलेटची सीट पट्ट्यासह प्रमाणित करून घेतली की प्रवासी नऊ. व्यवहारात सहा जण आरामात, आठ जण चालवून घेऊन. लांबच्या प्रवासात शेवटच्या दोन खुर्च्या आधी पकडाव्यात, कारण तिथे समोर कुणाचे गुडघे येत नाहीत. चारांच्या गटात दोन उंच माणसं समोरासमोर बसली तर पाय एकमेकांत अडकतात. खुर्ची रुळावर सरकवून आणि थोडी वाटेकडे फिरवून हा प्रश्न बराच सुटतो, फक्त उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी ती परत जागेवर आणावी लागते. एक गोष्ट माहितीपत्रकातल्या फोटोवरून लक्षात येत नाही. सहा फूट उंची मधोमध आहे. भिंत गोल असल्याने खुर्चीसमोर उभं राहिलं की डोकं छताला लागायला लागतं.

हवेचा दाब ही या विमानाची खरी जमेची बाजू. ४५,००० फुटांवर उडतानाही आत हवेचा दाब ५,९५० फूट, म्हणजे १,८१४ मीटर उंचीवर असतो तितका राहतो. कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम पावणेदोनशे मीटर वर. विमान बहुतेक वेळा ४१ ते ४३ हजार फुटांवर चालवलं जातं आणि तेव्हा आतला आकडा आणखी खाली येतो. चार तासांच्या प्रवासानंतर डोकं जड न होता बैठकीला बसता येणं, हे कुठल्याही लाकडी पॅनेलपेक्षा महत्त्वाचं.

आता वजनाचं गणित. खरेदी करणारे हमखास इथेच फसतात, म्हणून जरा सावकाश बघू.

निर्मात्याच्या आकड्यांनुसार दोन वैमानिकांसह सज्ज विमानाचं वजन १८,६५६ पौंड, म्हणजे ८,४६२ किलो. रॅम्पवरची, म्हणजे उभ्या जागेवरून निघतानाच्या वजनाची कमाल मर्यादा ३१,०५० पौंड, म्हणजे १४,०८४ किलो. दोन्हींमधली जागा ५,६२२ किलोंची. त्यात पूर्ण टाकीचं इंधन ५,१६८ किलो. उरले ४५४. सामानासह माणशी ९५ किलो धरले तर चार प्रवासी बसतात आणि पाचवा काठावर पडतो. ५,००० किलोमीटरचा पल्ला सांगताना 'चार प्रवाशांसह' असं जे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, त्याचं कारण हे.

आठ जण न्यायचे तर ७६० किलो झाले, म्हणून सुमारे ३०६ किलो इंधन कमी भरायचं. पल्ला ढोबळमानाने ३०० ते ३५० किलोमीटरनी घटतो. ही तडजोड वाईट अजिबात नाही. इंधनाशिवायचं कमाल वजन २१,२०० पौंड असल्याने एकूण १,१५४ किलो भार चालतो, म्हणजे नऊ प्रवासी आणि त्यांच्या बॅगा कधीच मर्यादेबाहेर जात नाहीत. वर्गातल्या बऱ्याच जुन्या विमानांपेक्षा हा हिशेब मोकळा आहे. मात्र हे आकडे साध्या विमानाचे. सॅटेलाइट इंटरनेटची उपकरणं, जाड गालिचे, जादा कपाटं, काचेची भांडी असं सगळं चढलं की सज्ज वजन वाढतं आणि ते थेट त्या ४५४ किलोंतून वजा होतं. विक्रेत्याच्या पत्रकावर विसंबू नका, त्या विशिष्ट विमानाचा ताजा वजनकाट्याचा अहवाल मागा.

दुसरी मर्यादा उतरण्याची: २७,५७५ पौंड. उड्डाणाची मर्यादा ३०,८०० पौंड. म्हणजे पूर्ण वजनाने निघालात आणि दहा मिनिटांत परत यावं लागलं, तर जवळजवळ १,४६० किलो इंधन जाळेपर्यंत घिरट्या घालायच्या, नाहीतर जादा वजनाने उतरून नंतर तपासणी करून घ्यायची. परतीचं स्वस्त इंधन सोबत न्यायची सवय असलेल्या कंपन्यांनी हा आकडा आधी बघावा. छोट्या पल्ल्यावर टाकी भरून नेली तर पोहोचेपर्यंत वजन पुरेसं उतरतच नाही.

मुंबईतून पाहिलं तर दुबई सुमारे १,९०० किलोमीटर, आठ जणांसह किरकोळ काम. सिंगापूर ३,९०० किलोमीटर, एका दमात होतं. हिवाळ्यात तिकडून परतताना समोरचा वारा मोजून घ्यावा. लंडन ७,२०० किलोमीटर आहे, तिथे मध्ये थांबा घ्यावाच लागेल. विनाथांबा लंडन हवं असेल तर वरच्या वर्गातलं विमान पाहा, लॅटिट्यूडकडून ती अपेक्षाच चुकीची. शिवाय ५,००० किलोमीटर हा आकडा बेताच्या वेगाने उडण्याचा आहे. कमाल वेग ४४६ नॉट, म्हणजे ताशी ८२६ किलोमीटर. तो धरला की पल्ला आक्रसतो.

धावपट्टीच्या बाबतीत विमान उदार आहे. प्रत्येकी ५,९०७ पौंड रेट्याची दोन प्रॅट अँड व्हिटनी पीडब्ल्यू३०६डी१ इंजिनं आणि फारसे मागे न झुकलेले मोठे पंख यामुळे उड्डाणाला ३,५८० फूट, म्हणजे १,०९१ मीटर पुरतात आणि उतरायला ७५६. कुणाला लगेच जुहू आठवेल, तिथली मुख्य पट्टी १,१४० मीटरच्या आसपास आहे म्हणून. तो विचार सोडून द्या. १,०९१ हा आकडा समुद्रसपाटी, १५ अंश तापमान आणि कोरडी पट्टी धरून काढलेला आहे, मुंबईत जानेवारीच्या दुपारीही १५ अंश नसतात. जुहू हेलिकॉप्टर आणि लहान विमानांसाठीच ठीक.

उष्णतेने काय होतं याचा एक नमुना. छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ ५८२ मीटरवर. मे महिन्यात ४२ अंश असले की हवा जवळपास १,७०० मीटर उंचीवर असावी इतकी विरळ होते. इंजिनाचा रेटा घटतो, पंखांना उचल मिळायला जास्त वेग लागतो, पट्टी जास्त खर्ची पडते. तिथली पट्टी लांब असल्याने अडत नाही, पण जिल्ह्याच्या आखूड पट्ट्यांवर दुपारी दोनला पूर्ण टाकीने निघण्याचा बेत वैमानिक मोडून काढेल आणि त्याचं बरोबर असेल. पहाटे निघा किंवा इंधन कमी घ्या.

उतरतानाही तसंच. चार्टरच्या नियमात जेटला उपलब्ध पट्टीच्या ६० टक्क्यांत थांबता आलं पाहिजे. मग ७५६ मीटरचे १,२६० होतात, आणि पट्टी ओली असेल तर आणखी १५ टक्के धरून १,४५० च्या घरात. कोकणच्या पावसात दुसराच आकडा खरा. थ्रस्ट रिव्हर्सर (इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करणारी सोय) आणि कार्बन ब्रेक आहेत, पण या हिशेबात रिव्हर्सरची मदत धरत नाहीत. ती शिल्लक हातची राखलेली बरी.

वेगात लॅटिट्यूड मागे आहे, हे सरळ मान्य करावं. मर्यादा मॅक ०.८०, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ८० टक्के. एम्ब्राएरचं प्रेटर ५०० मॅक ०.८३ पर्यंत जातं, पल्ला ३,३४० नॉटिकल मैल, शिवाय पूर्ण फ्लाय-बाय-वायर, म्हणजे वैमानिकाचे आदेश विद्युत संकेतांनी पोहोचवणारी प्रणाली. लॅटिट्यूडमध्ये समोर जुन्या पद्धतीचं योक, म्हणजे हाताने फिरवायचं सुकाणू आहे. मुंबई ते दिल्ली या अंतरात वेगाचा फरक तीन-चार मिनिटांचा, म्हणजे धावपट्टीकडे सरकणाऱ्या विमानांच्या रांगेत सहज हरवणारा. सिंगापूरला तो दहा-बारा मिनिटांवर जातो. ज्यांचे बहुतेक प्रवास दोन-तीन तासांचे आहेत त्यांनी वेगासाठी जादा पैसे मोजू नयेत. आखातापलीकडे नेहमी जाणं असेल, तर प्रेटरचा पल्ला मात्र दुर्लक्षिण्यासारखा नाही.

कॉकपिटमध्ये गार्मिन जी५००० ही पडद्यांवर चालणारी उपकरणप्रणाली. चौदा इंची तीन पडदे आणि हाताशी चार टच कंट्रोलर. इंजिनाची ताकद आपोआप कमी-जास्त करणारा ऑटोथ्रॉटल मूळ किमतीतच मिळतो, आणि २३ मिनिटांत थेट ४३,००० फूट गाठताना वैमानिकाचं बरंच ओझं तो उचलतो. तक्रार टचस्क्रीनचीच. मॉन्सूनच्या ढगांत विमान हादरत असताना बोट नको त्या चौकोनावर पडतं. हाताची कड पडद्याच्या चौकटीवर टेकवून अंगठ्याने दाबायची सवय लावली की चुका कमी होतात. नकाशांचा डेटाबेस दर २८ दिवसांनी बदलतो. त्याची वर्गणी चालू खर्चात धरायला बरेच मालक विसरतात.

सामानाला मागच्या कप्प्यात १०० घनफूट जागा आहे, गोल्फच्या पिशव्याही मावतात. पण तो कप्पा बाहेरून उघडतो, उड्डाणात तिथे पोहोचता येत नाही. औषधं, लॅपटॉप, स्वेटर मागे गेले की उतरेपर्यंत गेले. आतली कपाटं २७ घनफुटांची, म्हणून कॅबिन बॅगा आधीच वेगळ्या काढायला सांगा. मुख्य दार विजेवर वर येतं, ओढावं लागत नाही. मिटताना जिन्यावरची वाळू आणि खडे रबरी सीलवर पडतात, म्हणून कच्च्या ॲप्रनवर (विमान उभं करायच्या जागेवर) दार लावण्याआधी सीलवरून फडकं फिरवलंच पाहिजे. नाहीतर वर गेल्यावर दारापाशी बारीक शिट्टी वाजायला लागते आणि सोफ्यावरच्या दोघांना ती शेवटपर्यंत ऐकावी लागते.

उन्हात उभं राहिलेलं केबिन थंड करायला शेपटीतलं एपीयू (जमिनीवर वीज आणि गार हवा देणारं छोटं इंजिन) प्रवासी येण्याच्या निदान अर्धा तास आधी सुरू करा आणि खिडक्यांचे पडदे खाली ओढून ठेवा. प्रवासी आल्यावर सुरू केलं तर पहिली वीस मिनिटं सगळे घामाघूम.

वापरलेलं विमान घेणार असाल तर पहिल्यांदा त्याचा आधीचा मालक कोण ते पाहा. विमानांची मालकी वाटून विकणाऱ्या नेटजेट्स कंपनीने २०१२ मध्येच १५० पर्यंत लॅटिट्यूडची मागणी नोंदवली आणि २०१६ पासून ती ताफ्यात येत गेली. अशा ताफ्यातल्या विमानांचे तास आणि लँडिंग भराभर साचतात. देखभाल काटेकोर असते, पण आतली बैठक, दाराचे बिजागर आणि पंखांच्या पुढच्या कडा झिजलेल्या सापडतात. इंजिनांची ओव्हरहॉल मर्यादा ६,००० तासांची. ती प्रॅटच्या ईएसपी या हप्त्यांवरच्या देखभाल योजनेत आहेत का, हप्ते थकलेत का आणि नवीन मालकाच्या नावावर करार होतो का, हे लेखी घ्या. योजनेबाहेरची इंजिनं असतील तर उरलेल्या तासांच्या हिशेबात किंमत पाडून मागा. गारांचे खड्डे टॉर्च आडवा धरून पाहा, समोरून दिसत नाहीत. विंडशील्डच्या कडेला थर सुटल्याचा दुधी पट्टा आहे का ते बघा, काच बदलणं महाग पडतं. आणि टॉयलेटची टाकी बाहेरून रिकामी होते की केबिनमधून, हे विचारायला लाजू नका. केबिनमधून होत असेल, तर ती कुणी, कधी आणि कुठल्या गालिच्यावरून न्यायची ते आधी ठरवा.